गाडी रस्त्यावर, पाय पुळणीवर

जानेवारीतल्या एका पहाटे दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, मी एका कासवमित्राच्या, म्हणजे कासवांची घरटी शोधून राखणाऱ्या माणसाच्या मागोमाग चालत होतो. साडेपाच वाजले होते, ओहोटी लागली होती आणि त्याच्या हातात बॅटरी व एक बारीक काठी एवढेच सामान होते. दीडेक किलोमीटर गेल्यावर त्याला पाण्याच्या कडेपासून वर गेलेला कासवीचा माग सापडला. तो सुमारे अडीच फूट रुंद होता आणि डावे-उजवे वल्हे आळीपाळीने मारत कोणी होडी वाळूतून ओढत नेली असावी, तशा त्याच्या खुणा होत्या. भरतीच्या रेषेच्या वर वीस-पंचवीस पावले गेल्यावर तो माग एकाएकी नाहीसा झाला, कारण कासवी येऊन गेल्यानंतर रात्री कोणीतरी तिथे चारचाकी आणून गोल गिरक्या घेतल्या होत्या आणि वाळूवर एकात एक अडकलेल्या चाकोऱ्यांखेरीज काही उरले नव्हते. त्याने गुडघ्यांवर बसून दोन तास काठीने वाळू चाचपली, पण घरटे मिळाले नाही. चार दिवसांनी ते कुत्र्यांना मिळाले.

त्या गाडीखाली एकही कासव मेले नव्हते आणि चालकाला विचारले असते, तर रिकाम्या वाळूवर दोन फेऱ्या मारल्या, यात काय बिघडले, असेच तो म्हणाला असता. ही जी ‘रिकामी वाळू’ आहे, तिच्यात कोण कुठे राहते, गाडीमुळे त्याचे नेमके काय होते आणि कोकणात समुद्रावर जाताना आपण काय करावे व काय टाळावे, हे पुढे सांगितले आहे. पर्यटक, घरगुती निवासाची सोय चालवणारे आणि किनाऱ्यावरच्या गावांत राहणारे अशा तिघांनाही त्याचा उपयोग व्हावा.

पुळण आधी वाचावी

रस्ता संपतो तिथे थांबून समोरचा किनारा पट्ट्यापट्ट्यांनी पाहावा. सर्वांत मागे सुरूचे बन किंवा केवडा व माडाच्या बागा असतात. त्यांच्या पुढे वाळूचे बुटके उंचवटे असतात आणि त्यांवर दोन वनस्पती हमखास दिसतात. पहिली जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची मर्यादावेल, आणि दुसरी म्हणजे टोचऱ्या पानांचे गोलाकार झुबके असलेले, ‘रावणाच्या मिशा’ या नावाने ओळखले जाणारे गवत. या दोन्हींच्या लांब पसरणाऱ्या धावत्या खोडांमुळे वाऱ्यावर उडणारी वाळू अडते आणि उंचवटा टिकतो. चाक जाते ते नेमके या खोडांवरून. खोड तुटले की पुढचा वेल सुकतो, वाळू मोकळी होते आणि पावसाळ्यातल्या उधाणाला आत शिरायला वाट मिळते. एकदा पडलेल्या वाटेवरूनच पुढची गाडी जाते, त्यामुळे मे महिन्यात सहा फूट रुंद असलेली खिंड दोन-तीन पावसाळ्यांत ओहळाएवढी झालेली पाहायला मिळते. मर्यादावेलीला हे नाव समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून मिळाले असावे असे मला वाटते. ते चालकांनीही मानायला हरकत नाही.

उंचवट्यांच्या पुढे कोरड्या, भुसभुशीत वाळूचा पट्टा लागतो आणि तो शेवटच्या मोठ्या भरतीने आणून टाकलेल्या काटक्या, शेवाळ, शिंपले व दुर्दैवाने प्लॅस्टिक यांच्या रेषेपाशी संपतो. कासवांच्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा पट्टा आहे. कोकण किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री या पट्ट्यात येतात, वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, खाली फुगीर आणि वर अरुंद असा सुरईच्या आकाराचा खड्डा करतात आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालून तो बुजवतात. नंतर स्वतःच्या चाळीसेक किलो वजनाने वाळू थोपटून त्या निघून जातात. पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे डिसेंबरात कोणी पाहिलेही नसलेले घरटे फेब्रुवारीतही जिवंत असते आणि वरून मात्र त्याची कसलीही खूण दिसत नाही.

भरतीच्या रेषेवरचा तो काडीकचराही पायाने उडवून लावण्यासारखा नाही. त्याच्याखाली किडे आणि उड्या मारणारे बारीक संधिपाद जीव असतात आणि पक्षी त्यांच्यावर जगतात. स्वच्छता मोहिमेसाठी म्हणून तिथे ट्रॅक्टर फिरवण्यापेक्षा प्लॅस्टिक हाताने वेचणे बरे.

या रेषेच्या खाली ओली, घट्ट, चकचकीत वाळू सुरू होते आणि गाडी घेऊन येणाऱ्याला नेमकी तीच खुणावते, कारण चाक रुतत नाही. समजूतदार माणसेही इथे चूक करतात. वर कासवांची जागा आहे, म्हणून आम्ही खालून, पाण्याच्या कडेने गाडी नेतो, असे मला अनेकांनी मोठ्या जबाबदारीने सांगितले आहे. त्यांनी एकदा ओहोटीच्या वेळी गाडीतून उतरून उकिडवे बसावे. मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या वाळूच्या हजारो गोळ्या त्यांना दिसतील आणि त्या एका बारीक छिद्राभोवती किरणांसारख्या मांडलेल्या असतील. नखाएवढे खेकडे पाणी ओसरताच बिळातून बाहेर येतात, तोंडाने वाळू गाळून तिच्यातले सेंद्रिय कण खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. आपली सावली पडली की क्षणात सगळे आत जातात आणि आपण मिनिटभर स्तब्ध राहिलो, तर पुन्हा वर येतात. ही बिळे फार खोल नसतात. ओल्या वाळूच्या अगदी खालच्या भागात बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्या, किडे आणि लाटेबरोबर वर-खाली सरकणारे लहान कवचधारी जीवही असतात.

कोरड्या आणि ओल्या वाळूच्या सीमेवर, मनगट जाईल एवढी मोठी बिळे दिसतात ती दांडीवर डोळे असलेल्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या फिकट खेकड्यांची असतात. मोठे खेकडे हातभर किंवा त्याहूनही खोल जातात, पण पिल्लांची बिळे उथळ असतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर या खेकड्यांवर प्रत्यक्ष गाडी चालवून प्रयोग झाले आहेत. त्यात पाच सेंटिमीटर खोलीवर असलेले खेकडे गाडीच्या मोजक्या फेऱ्यांत चिरडले गेले आणि तीस सेंटिमीटरखालचे वाचले. ‘ते बिळात जातात, त्यांना काही होत नाही’ हा युक्तिवाद त्यामुळे दिवसा आणि मोठ्या खेकड्यांपुरताच खरा ठरतो. रात्री हेच खेकडे खाणे शोधायला उघड्यावर फिरतात आणि तेव्हा बिळाची खोली कितीही असली, तरी तिचा उपयोग नसतो.

चाकाखाली किती जमीन जाते याचा हिशोब एकदा करून पाहण्यासारखा आहे. साध्या मोटारीचा टायर सुमारे १८ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांची मिळून ३६ सेंटिमीटरची पट्टी होते. तीन किलोमीटरच्या पुळणीवर एक गाडी टोकापर्यंत जाऊन वेगळ्या मार्गाने परत आली, तर दोन हजारांहून अधिक चौरस मीटर, म्हणजे सुमारे २१ गुंठे वाळू तिच्या चाकांखालून गेलेली असते. शनिवारी संध्याकाळी अशा किती गाड्या येतात, ते ज्याने त्याने आपल्या गावापुरते मोजावे. भाड्याने मिळणाऱ्या रुंद टायरच्या बाइकने वाळूचे नुकसान होत नाही असे सांगितले जाते, त्यातही अर्धेच तथ्य आहे. अशा टायरची चाकोरी उथळ पडते, पण ती अधिक रुंद असते आणि ती बाइक दिवसभर त्याच शंभर मीटरांत फेऱ्या मारत असते.

तिथी पाहून निघावे

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला पंचांगाखेरीज काही लागत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती असते, आणि ती दिवसातून दोनदा येते. तिच्यापासून सुमारे सहा तासांनी ओहोटी तळाला पोहोचते. हा हिशोब पोहण्यासाठी आणि गाडी बुडू नये म्हणून सांगितला जातो, पण किनाऱ्यावरच्या जिवांच्या दृष्टीनेही तो उपयोगी आहे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पहाटे व संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पाणी दूरवर ओसरलेले असते आणि ओल्या वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. पर्यटकांची फिरायची वेळ आणि गोळ्या करणाऱ्या खेकड्यांची व किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची जेवणाची वेळ तेव्हा एकच होते. त्या मैदानात गाडी घालणे म्हणजे भरल्या पंगतीतून बैल हाकण्यासारखे आहे. याउलट अष्टमीच्या आसपास संध्याकाळी सहा वाजता भरती पूर्ण झालेली असते. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती उधाणाइतकी वर चढत नसली, तरी चालवण्याजोगी ओली वाळू फारशी उरत नाही आणि जी गाडी खालून गेली असती, ती वरच्या कोरड्या पट्ट्यात, म्हणजे थेट घरट्यांच्या जागेवर ढकलली जाते. त्यामुळे ‘गाडी न्यायला सुरक्षित वेळ कोणती’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पौर्णिमेला एकाचा जीव जातो आणि अष्टमीला दुसऱ्याचा.

तिथीचा उपयोग पायी फिरण्यासाठी मात्र जरूर करावा. सकाळी ओहोटीला गेलात, तर ओल्या वाळूतून सावकाश चालता येते आणि पाहायलाही बरेच मिळते. भरतीला गेलात, तर पाण्याच्या कडेनेच चालावे, उंचवट्यांवर चढू नये आणि बसायचे झाल्यास वेलीवर चादर पसरू नये.

गाडी कुठे ठेवावी, आणि रुतलीच तर

गाडी डांबरी रस्त्यावर, वाहनतळात किंवा जिथे उतरला आहात त्या घराच्या अंगणात ठेवावी. सुरूच्या बनातही ती आत नेऊ नये, कारण बनातल्या वाळूवरूनच बहुतेकांना पुढे जाण्याचा मोह होतो. वयस्कर माणसे सोबत असतील, तर त्यांना पुळणीच्या तोंडाशी उतरवून गाडी मागे घ्यावी आणि प्लॅस्टिकची हलकी खुर्ची बरोबर न्यावी. ही खुर्ची मी गेली काही वर्षे गाडीत ठेवतो आणि ‘आजींना चालवत नाही म्हणून गाडी खाली घेतली’ हे कारण त्यानंतर आमच्याकडे कोणी दिलेले नाही.

तरीही एखाद्याची गाडी रुतलेली तुमच्या समोर येईलच. अशा वेळी रागावण्यात वेळ घालवू नये, कारण पाणी चढत असेल, तर तास-दोन तासांत खारे पाणी इंजिनात आणि इंजिनातले तेल समुद्रात जाते. एक्सिलरेटर दाबत राहिल्याने चाक आणखी खाली जाते, म्हणून तो सोडायला सांगावा. चाकांतली हवा निम्म्यापर्यंत कमी करावी, चाकांपुढची वाळू फावड्याने मोकळी करून गोणपाट किंवा फळी घालावी आणि गाडी आली त्याच मार्गाने मागे घ्यावी. चाकाखाली घालायला मर्यादावेल उपटणे किंवा सुरूच्या फांद्या तोडणे ही सर्रास दिसणारी गोष्ट होऊ देऊ नये. ट्रॅक्टर किंवा जेसीबी बोलवावाच लागला, तर तो कोरड्या पट्ट्यात वळवू न देता सरळ नेऊन सरळ परत आणावा.

गाडी निघाल्यावर सगळे हात झटकून निघून जातात, पण त्यानंतरची पंधरा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. पडलेले खड्डे आणि चाकोऱ्या फावड्याने, नाहीतर पायाने तरी, अंधार पडण्याआधी बुजवून सपाट कराव्यात. त्याचे कारण पुढे येते.

चाकोरीत अडकलेले पिल्लू

आपण ‘चाकोरीबाहेर पडणे’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काही आणत नाही. कासवाच्या पिल्लाला मात्र ते अक्षरशः करावे लागते. त्याचे कवच सुमारे चार सेंटिमीटरचे आणि वजन पंधरा-वीस ग्रॅमचे असते. रुतत गेलेल्या गाडीची चाकोरी दहा-पंधरा सेंटिमीटर खोल असते, म्हणजे त्याच्या लांबीच्या तिप्पट-चौपट उंचीची ढासळती भिंत दोन्ही बाजूंना उभी राहते. शिवाय चाकोऱ्या बहुधा किनाऱ्याला समांतर असतात. पाण्याकडे निघालेले पिल्लू तिच्यात पडले की वर चढायचा प्रयत्न करते, घसरते आणि मग सोपी वाट म्हणून चाकोरीतूनच चालू लागते. पाणी दहा पावलांवर असताना ते शंभर-दोनशे पावले आडवे जाते. तोवर उजाडते आणि कावळे, घारी, कुत्री व खेकडे यांच्या तावडीत ते सापडते, किंवा उन्हाने सुकून जाते.

चाकोरीत पिल्लू दिसले, तर त्याला उचलून पाण्यात फेकू नये. पुढची वाळू सपाट करून त्याला वाट करून द्यावी, आजूबाजूच्या माणसांना व कुत्र्यांना लांब ठेवावे आणि ते स्वतः चालत पाण्यात जाऊ द्यावे. एक दिसले म्हणजे आणखी असणारच, म्हणून पाऊल टाकण्याआधी खाली पाहावे. मोबाइलचा दिवा किंवा फ्लॅश लावू नये. पिल्ले क्षितिजाजवळच्या उजेडाकडे जातात आणि निसर्गात तो उजेड समुद्रावर असतो. गाडीचे दिवे, हॉटेलचे दिवे आणि आपला मोबाइल त्यांना उलट दिशेला ओढतात. थकलेले, हालचाल मंदावलेले किंवा जखमी पिल्लू असेल, तर गावातल्या कासवमित्राला बोलवावे किंवा महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

रात्री मोठी कासवी वाळूवर येताना दिसली, तर आहात तिथेच थांबून दिवे मालवावे. खड्डा खणण्याआधी ती फार बुजरी असते. उजेड, आवाज किंवा हालचाल जाणवली की अंडी न घालताच ती परत फिरते. गाड्यांनी दाबून घट्ट झालेल्या वाळूत तिला खड्डाही नीट करता येत नाही आणि झालेल्या घरट्यावर चाक गेले, तर वाळूतून अनेक दिवस मिळून वर सरकत येणाऱ्या पिल्लांची वाट अडते. सकाळी माग दिसला, तर त्याच्यावरून चालू नये आणि तो पुसू नये. कासवमित्र पहाटे गस्त घालतात ती या मागाच्याच आधारे. अंडी घातल्यापासून काही तासांतच ती सावधपणे उचलून कुंपणातल्या सुरक्षित जागी पुरावी लागतात, उशीर झाला तर हलवताना आतला गर्भ मरू शकतो. सुरुवातीला सांगितलेली गाडी या कामाच्या आड आली होती. ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अंडी स्वतः उकरण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.

एक गोष्ट खटकते, ती इथेच सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, त्याआधी अंडी सर्रास पळवली जात होती. पुढे हे काम किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पसरले, कासव पाहायला माणसे येऊ लागली आणि गावात चार पैसे आले. आता त्यातल्याच काही गाड्या, पिल्ले सोडण्याच्या जागेपर्यंत चालायचा कंटाळा म्हणून, त्याच वाळूवर उतरतात. पिल्ले सोडण्याचा कार्यक्रम पाहायला जाणाऱ्याने तरी रस्त्यापासून पायी जाण्याची तयारी ठेवूनच निघावे.

पक्ष्यांजवळून जाताना

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दिसणारे चिखले, तुतवार आणि कुरव यांपैकी बरेच पाहुणे असतात. चिमुकला चिखल्या हिमालयापलीकडच्या आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवर वीण करून आलेला असतो आणि परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्याला मार्च-एप्रिलपर्यंत इथेच जमवायची असते. थव्यातून गाडी नेऊन पक्षी उडवायचे आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, ही हल्लीची हौस त्याच्या मुळावर येते. एकदा उडाले, तर काही बिघडत नाही. पण सुट्टीच्या दिवशी दर दहा मिनिटांनी उडावे लागले, तर ओहोटीचे चार तास खाण्याऐवजी पळण्यात जातात.

पायी जातानाही थव्यावर लक्ष ठेवावे. खाणे थांबवून सगळ्यांनी माना वर केल्या, म्हणजे आपण पुरेसे जवळ आलो. ते चालत बाजूला सरकू लागले, म्हणजे आपण जास्त जवळ आलो. तिथून वळसा घालून वरच्या बाजूने जावे. भरतीच्या वेळी ते कोरड्या पट्ट्यात एका पायावर उभे राहून विसावा घेतात, तेव्हा तर आणखी लांबून जावे, कारण त्यांना बसायला दुसरी जागा नसते.

गाड्या थांबल्यावर काय होते, याचा अनुभव दक्षिण आफ्रिकेने घेतला आहे. तिथे डिसेंबर २००१ मध्ये किनाऱ्यावर करमणुकीसाठी गाडी नेण्यावर देशभर बंदीचे नियम निघाले, आणि पुढच्या काही हंगामांतच वाळूवर घरटी करणाऱ्या काळ्या कालवफोड्यासारख्या पक्ष्यांना त्याचा फायदा झाल्याचे दिसून आले.

नुकसान मोजून ठेवावे

ग्रामपंचायतीत ‘गाड्यांमुळे जीव मरतात’ असे म्हटले, की ‘कशावरून?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर शाळेतली मुलेही तयार करू शकतात. चार मीटर सुंभ घ्यावा, दर मीटरला गाठ मारावी आणि गाठींपाशी काटक्या रोवून एक मीटर बाजूचा चौकोन करावा. गाड्या जिथून उतरतात तिथे, भरतीच्या रेषेपासून ठरावीक पावलांवर, असे दहा चौकोन घेऊन प्रत्येकातली खेकड्यांची बिळे मोजावीत. मग जिथे गाड्या पोहोचत नाहीत अशा पुळणीच्या टोकाला, रेषेपासून तितक्याच पावलांवर, दुसरे दहा चौकोन घ्यावेत. दोन्ही मोजण्या एकाच ओहोटीत व्हायला हव्यात, नाहीतर तुलना फसते. वहीत तारीख, तिथी, वेळ आणि आदल्या दिवशी किती गाड्या आल्या ते लिहावे. शुक्रवारी सकाळी आणि सोमवारी सकाळी अशी जोडीने मोजणी केली, तर शनिवार-रविवारचा परिणाम वेगळा दिसतो. मोठी आणि लहान बिळे वेगळी मोजावीत, कारण पिल्लांची उथळ बिळे आधी नाहीशी होतात. तीन-चार महिन्यांची अशी एक वही आणि दोन छायाचित्रे भाषणापेक्षा बरेच काम करतात.

गावाने वाट कशी अडवावी

माझ्या मते सर्वांत जास्त वजन घरगुती निवासाची सोय चालवणाऱ्यांच्या शब्दाला असते. खोली ठरवण्याचा फोन येतो तेव्हाच ‘गाडी अंगणात राहील, समुद्र पाच मिनिटांच्या चालीवर आहे, वाळूवर गाडी नेता येत नाही’ असे सांगून टाकावे. पाहुणा गाडी घेऊन पुळणीवर पोहोचल्यावर सांगितलेले भांडणासारखे लागते.

फलकाने फारसे काही होत नाही, वाट अडवल्याने होते. बहुतेक पुळणींवर गाडी उतरण्याच्या दोन-तीनच जागा असतात. तिथे जांभ्या दगडाचे चिरे किंवा माडाचे जुने ओंडके अर्धे पुरून, मधे माणूस, सायकल आणि चाकाची खुर्ची जाईल एवढेच अंतर ठेवावे. पण मच्छीमारांची वाट बंद करून चालणार नाही. होडी वर ओढणारा ट्रॅक्टर, रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) मासळी नेणारा टेम्पो, बुडणाऱ्याला न्यायला आलेली रुग्णवाहिका यांची गरज खरी आहे. त्यांच्यासाठी एकाच जागी साखळी आणि कुलूप असलेली वाट ठेवावी, ती वेलीच्या उंचवट्यांतून न जाता नेहमीच्या होड्यांच्या जागेतून सरळ पाण्याकडे उतरावी आणि ट्रॅक्टरने आडवे न फिरता तिच्याच चाकोरीतून ये-जा करावी. कासवांच्या हंगामात रात्रीची ये-जा शक्य तितकी टाळावी आणि संध्याकाळी त्या चाकोऱ्या फळीने ओढून सपाट कराव्यात. अमेरिकेतल्या केप हॅटेरासच्या किनाऱ्यावर गाडी नेण्यास परवाना लागतो आणि कासवांच्या हंगामात रात्री ते मार्ग बंद असतात. आपल्याकडे गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात किनाऱ्यावर चारचाकी चालवण्यास मनाई केली होती आणि दंड ५,००० पासून ५०,००० रुपयांपर्यंत ठेवला होता.

एखादी गाडी तरीही वाळूवर फिरताना दिसली, तर तिच्यामागे धावू नये आणि वाद घालू नये. क्रमांक दिसेल असे एक आणि मागे माड किंवा देऊळ यांसारखी ओळखीची खूण दिसेल असे दुसरे छायाचित्र घ्यावे, वेळ लिहून ठेवावी, पोलिसांना ११२ वर कळवावे, आणि घरट्यांच्या जागेजवळ असेल तर १९२६ वरही. गाडी गेल्यावर टाचेने चाकोरी मोडत जावे. साखळीची किल्ली मात्र कार्यालयात ठेवू नये, ते संध्याकाळी बंद होते. पुळणीच्या सर्वांत जवळ ज्याचे घर आहे आणि जो पहाटे होडीवर जायला उठतोच, त्याच्या पडवीतल्या खुंटीला ती असावी.